मास्तरांचा डावा हात

सावलीचं बोट दुमडलेलं असतं, हे आधी नव्या सरांच्या लक्षात आलं, माझ्या नाही. याचा मला अजून राग येतो. त्या मुलीकडे बारीक लक्ष ठेवणं हे माझं काम, आणि वर्कशॉपमध्ये नुकता रुजू झालेला माणूस माझ्या खोलीत येऊन मला विचारतो, "बाई, या मुलीच्या डाव्या हाताला काही लागलंय का? करंगळीशेजारचं बोट सारखं आत घेते."

"काही लागलेलं नाही. तुम्ही तुमच्या मशिनींकडे बघा," मी म्हटलं. मी चिडकी आहे, हे आमच्या संस्थेत शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. नवे सर बिचारे नवेच होते.

आमची संस्था तंत्रशिक्षणाची. लेथ, वेल्डिंग, फिटिंग, वायरिंग. पोरं दोन वर्षांत कामाला लागतात. ज्यांना सरळ मार्गानं शिकता येत नाही ती माझ्याकडे येतात. एखाद्याला ऐकू येत नाही, एखाद्याला अक्षरं एका जागी थांबलेली दिसत नाहीत, एखादीला दोनपेक्षा जास्त वाक्यं एकदम सांगितली की ती मिटून जाते. कुणाला कसं शिकवलं की पोचतं, ते शोधायचं आणि तसं शिकवायची सोय करायची, हे माझं काम. माझी खोली स्टोअर आणि वर्कशॉपच्या मध्ये आहे आणि तिची खिडकी थेट लेथच्या रांगेवर उघडते.

सावली हे तिचं टोपणनाव. वर्गातल्या पोरांनी ठेवलं आणि तिला ते आवडलं. ती शिकते ती समोरच्या माणसाच्या अर्धं पाऊल मागे उभी राहून. तो हात उचलतो, ती उचलते. सांगून काही उपयोग नसतो. पण एकदा करून दाखवलं की ते तिच्यात कायमचं बसतं. बोलते अगदी मोजकं, तेही ठरावीक माणसांशीच. माझ्याकडे आली तेव्हा तिला एप्रनच्या गळ्याचं बटण लावता येत नव्हतं. वर्कशॉपमध्ये गळा उघडा चालत नाही. मी तिच्यासमोर उभी राहून माझं बटण लावायची, काढायची, पुन्हा लावायची. माझ्याकडून शिकलेली ती तिची पहिली गोष्ट. ज्या दिवशी तिला जमलं, त्या दिवशी मी खोलीचं दार लावून रडले होते.

तिला वाढवलं मावशीनं. मावशी बसमध्ये कंडक्टर. आवाज असा की मागच्या दाराशी लोंबकळणारा माणूसही गुमान आत यावा. पण त्या वर्षी ती निवृत्त होणार होती, गुडघे गेले होते, आणि तिच्यामागे सावलीचं काय, हा प्रश्न उभा होता. पंपाच्या कारखान्यानं कबूल केलं होतं की लेथची परीक्षा पास झाली तर मुलीला घेऊ. नाही झाली, तर मावशीनं लांबची एक संस्था बघून ठेवली होती. मी ती पाहून आले होते. स्वच्छ होती. तिथं सावलीसारखी माणसं भिंतीशी रांगेनं बसली होती आणि कुणाचेच हात हलत नव्हते.

तर ते बोट. नवे सर गेल्यावर मी खिडकीतून पाहिलं आणि मला चक्क हसू आलं. बोट कुठून आलं ते मला लगेच कळलं. ते मास्तरांकडून आलं होतं.

मास्तर म्हणजे आमचे जुने लेथ शिकवणारे. सावली इथे येण्याआधीच ते वारले. त्यांच्या डाव्या हाताला करंगळीशेजारचं बोट नव्हतं. कसं गेलं, हे विचारलं की दर वेळी नवी गोष्ट. कधी कुत्रं चावलं, कधी दारात सापडलं, कधी पत्त्यांच्या डावात हरलो. त्यांचं माझं कधी पटलं नाही. लेथ घरघरतोय, पोरं भोवती उभी आहेत, आणि हे डावा हात एप्रनच्या खिशात घालून म्हणायचे, "ऐका. बघू नका." ज्याला ऐकूच येत नाही त्यानं काय करावं? माझी पोरं त्यांच्या विषयात दर वर्षी नापास व्हायची आणि मी दर वर्षी त्यांच्याशी भांडायची. अगदी वर्कशॉपच्या मधोमध उभी राहून, तोंडाचा पट्टा सोडून.

निवृत्तीच्या वर्षी ते नमले. मला त्यांच्या हातांच्या चित्रफिती काढू द्यायला तयार झाले. चेहरा नको म्हणाले, आवाज नको म्हणाले. आणि मग, जरा थांबून, "डावा हात वगळून नाही का होणार?"

"मास्तर, निम्मं काम डावा हात करतो," मी म्हटलं.

ते बराच वेळ हात पुसत बसले. शेवटी म्हणाले, "मग काढा. पण पुढचं तुम्ही बघून घ्या."

मला वाटलं, फिती नीट सांभाळा असं त्यांना म्हणायचंय. कित्येक आठवडे बसून मी त्या कापल्या, जोडल्या. एकेक हालचाल थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहून. त्या वर्षी माझी सगळी पोरं पास झाली. मी चुकले होते असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यांना बघायलाच हवं होतं.

आणि आता सावली त्या फितींवरून शिकली होती. चार बोटांचा हात बघितला, तर चार बोटांनीच काम करणार. मी हा किस्सा स्टाफरूममध्ये रंगवून सांगितला. सगळे हसले.

मग एका दुपारी मी पोरांच्या जेवणाच्या वेळी बाहेर आले. माझी तीन पोरं एका बाकावर बसली होती. सावली, ऐकू न येणारा एक मुलगा, आणि अक्षरं न वाचता येणारा 'इंजिन', जो दिवसभर तोंडानं मशीनचा आवाज काढत असतो. तिघांनी डाव्या हातात पाण्याचे पेले धरले होते. तिघांचंही ते एक बोट तळव्यात दुमडलेलं होतं. तिघांनी पेले एकदम उचलले आणि एकदम खाली ठेवले. मी म्हटलं, "बोटं सरळ करा रे." इंजिन हसला, त्यानं केलं. दुसऱ्यानं माझे ओठ वाचून केलं. सावलीनं हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ती परत जेवू लागली.

दोन दिवसांनी मावशी आली. गणवेशातच, ड्यूटी संपवून. खुर्चीत बसताना गुडघ्याला हात लावून तिनं तोंड वाकडं केलं.

"बाई, तुम्ही हिला काय शिकवताय?"

"का? काय झालं?"

"भाजी चिरते, बोट आत. केस विंचरते, बोट आत. झोपेत बघितलं, तरी आत. मी ओढून सरळ करायला गेले तर गार लागलं. बाकीचा हात ऊन, आणि तेवढंच बोट गार. डॉक्टरकडे नेलं. त्यांनी सुई टोचली. हिनं डोळासुद्धा मिचकावला नाही. डॉक्टर म्हणतात हाडात काही नाही, नसेत काही नाही. मग आहे कशात?"

सावली दाराशी उभी होती. मी तिचा हात हातात घेतला. बोट खरंच गार होतं, सकाळी नळाखाली धरल्यासारखं. नख पांढरं पडलं होतं. मी विचारलं, "दुखतं का गं?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. मग अगदी सहज म्हणाली, "ते नाहीये."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला काहीतरी सांगून घरी पाठवलं, काय ते आता आठवत नाही.

त्या दिवसापासून मी खिडकी सोडली नाही. आणि मग एकेक दिसू लागलं. लेथ सुरू करायच्या आधी सावली मशीनच्या डोक्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करते. मास्तर करायचे. घरात शिरण्याआधी दार वाजवावं तसं. पण फितींमध्ये ते नव्हतं. पोरं त्यालाही कामाचा भाग समजतील म्हणून मीच ते कापून टाकलं होतं, प्रत्येक फितीतून. कापलेले तुकडे मी ठेवलेही नव्हते. वर्कशॉपमध्ये आता दुसरं कुणीच तसं करत नव्हतं.

तिची उभं राहायची जागाही बदलली होती. मशीनला भिडून उभं राहायचं, तर ती थोडी मागे, थोडी उजवीकडे उभी असायची. हात लांबवून काम करायची. मला आधी वाटलं घाबरते. मग एकदा नीट पाहिलं आणि कळलं. ती कुणाच्या तरी अर्धं पाऊल मागे उभी होती.

पुढचं सांगायचं तर पॉलिशपट्टी काय असते ते सांगायला हवं. लेथवर लोखंडाचा गोल दांडा गरागरा फिरत असतो. कापून झाला की त्याला चकाकी आणायला खरखरीत कापडाची पट्टी त्यावर धरतात. दोन टोकं दोन हातांत, चिमटीत, केव्हाही सुटतील अशी. ती बोटाला कधीही गुंडाळायची नाही. पट्टी फिरत्या दांड्यात अडकली तर बोट सोबत घेऊन जाते. भिंतीवर पहिला नियम हाच आहे, शब्दांत आणि चित्रात. फितीतही मास्तरांनी पट्टी चिमटीतच धरली आहे.

त्या सकाळी खिडकीतून मी पाहिलं, तर सावलीनं पट्टीचं टोक घेतलं, ते दुमडलेलं बोट थोडं उघडलं, आणि पट्टीचा एक वेढा त्याच्याभोवती दिला. घाई नाही, गडबड नाही. रोज करत असल्यासारखा. आणि हात फिरत्या दांड्याकडे नेला.

मी कशी पोचले मला माहीत नाही. तांबडं बटण दाबलं, लेथ थांबला, सगळं वर्कशॉप वळून बघायला लागलं. नवे सर धावत आले. ते पांढरेफटक पडले होते. "मी हे शिकवलेलं नाही, बाई. आईशप्पथ. उलट रोज सांगतो."

मी सावलीच्या बोटावरची पट्टी सोडवली. मी विचारलं, "हे तुला कोणी दाखवलं?"

तिनं फक्त पाहिलं. स्वतःच्या पुढे, डावीकडे, मशीन आणि तिच्यामधल्या त्या रिकाम्या जागेकडे. एखाद्याचा खांदा असेल तितक्या उंचीवर. नवे सर नकळत तिथून बाजूला सरकले.

संध्याकाळी मी मास्तरांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणते, तशी ओळख जुनीच. त्या गॅलरीत कपडे काढत होत्या. मी आडून आडून विचारायला सुरुवात केली, पण त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"कुणी दुमडायला लागलंय का बोट?"

मी खाली बसले. त्यांनी कपडे घडी करता करता सांगितलं, माझ्याकडे फारसं न बघता.

"त्यांना बघून शिकायची विलक्षण हातोटी होती. ज्यांच्याकडे लेथ शिकले, त्या उस्तादांच्या मागे उभे राहायचे नि सगळं उचलायचे. उस्तादांना ते बोट नव्हतं. यांचं दुमडायला लागलं तेव्हा आमचं नवीन लग्न झालेलं. मी थट्टा करायची. मग गार पडलं. मग एक दिवस पट्टीनं नेलं. इस्पितळात मला म्हणाले, मी गुंडाळली नाही गं, हातानं गुंडाळली."

"आणि उस्तादांचं कसं गेलं?"

"त्यांच्या उस्तादांनाही नव्हतं म्हणे. त्याच्या मागचं मला माहीत नाही." त्यांनी एक टॉवेल दोनदा घडी केला. "म्हणून ते कुणाला बघू द्यायचे नाहीत. तुम्ही त्यांना हेकट म्हणायचात."

"तोंडावर म्हणायची."

"घरी येऊन सांगायचे. त्या फिती काढल्या त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, बाई म्हणते ते खरं आहे, त्या पोरांना बघितल्याशिवाय यायचं नाही. हाच तर घोळ आहे."

मी विचारलं, यावर उपाय काय. त्या म्हणाल्या, उपाय असता तर त्यांनी बोट घालवलं असतं का? मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, "त्यांना एकच वाटायचं. दुसरा हात हवा होता. उस्तादांच्या हाताआधी बघितलेला, ओळखीचा. त्यांना तसा कुणी नव्हता."

परीक्षा जवळ आली होती. सावलीला लेथवरून काढावं, तर ती भिंतीशी रांगेत बसणार. ठेवावं, तर बोट जाणार. रात्रभर मी कूस बदलत राहिले आणि सकाळी प्राचार्यांच्या खोलीत गेले. आमच्याकडे एक सवलत आहे. बघून शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी परीक्षेत शेजारच्या मशीनवर कुणीतरी तेच काम करून दाखवू शकतं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. एरवी वर्कशॉपचे सर उभे राहतात. आम्ही सरावात नव्या सरांना उभं केलं. त्यांचा हात चांगला आहे, पाच बोटांचा आहे. पण सावलीनं त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. तिची नजर त्या रिकाम्या जागेवरून हलेना.

मग उरले ते माझे हात. बटण लावणारे. तिच्या आयुष्यात ते मास्तरांच्या आधी आले होते.

या वयात मी लेथ शिकायला उभी राहिले. एप्रन पोटावर बसेना, चष्मा घसरायचा, आणि इंजिन शेजारी उभा राहून तोंडानं माझ्या मशीनची थट्टा करायचा. नवे सर मोठ्या धीरानं शिकवायला लागले. पण पहिल्याच दिवशी त्यांनी बोलणं मध्येच थांबवलं.

"बाई, तुम्ही आधी कधी मशीन चालवलंय?"

"नाही. का?"

"तुम्हाला मी अजून सांगितलंच नाही, आणि तुम्ही करताय."

मी हातांकडे पाहिलं. हँडल फिरत होतं, सफाईनं, किंचित थांबून, किंचित मागे घेऊन. तो वेग मला ओळखीचा होता. मी तो आठवडेच्या आठवडे बघितला होता, एकेक हालचाल थांबवून. सावलीपेक्षा, इंजिनपेक्षा, जगातल्या कुणाहीपेक्षा जास्त वेळा मी ते हात बघितले होते.

"आणि सुरू करायच्या आधी तुम्ही दोनदा ठोकलंत," सर हळूच म्हणाले. त्यानंतर ते मला शिकवताना हसले नाहीत.

माझंही ते बोट आत वळायला लागलं, म्हणून मी ते शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधलं. सरांनी ती काढायला लावली, मशीनवर हाताला काही चालत नाही. बरोबरच होतं त्यांचं. मग मी ते नुसत्या मनानं सरळ ठेवायला शिकले. बोलताना, चालताना, जेवताना, सारखं लक्ष त्या एका बोटावर. करून बघा, म्हणजे कळेल माणूस किती थकतो.

परीक्षेच्या दिवशी ऊन लख्ख होतं आणि वर्कशॉपची सगळी दारं उघडी होती. परीक्षक बाहेरून आलेले, गोल चेहऱ्याचे, तोंडात लिमलेटची गोळी. त्यांना लवकर घरी जायचं होतं, हे दिसत होतं. मावशी फाटकापाशी उभी होती, आत यायची परवानगी नव्हती. सावली तिच्या मशीनवर, अर्धं पाऊल मागे. मी शेजारच्या.

सुरुवात ठीक झाली. कापणं, मोजणं, पुन्हा कापणं. तिचं काम माझ्यापेक्षा कितीतरी देखणं. ती मधूनमधून माझ्याकडे बघायची, मग नजर परत त्या रिकाम्या जागेकडे जायची. मग पॉलिशची वेळ आली. तिनं पट्टी उचलली आणि मान डावीकडे वळवली. त्या खांद्याकडे. बोट उघडायला लागलं.

मला ओरडता येत नव्हतं. ओरडले असते तर परीक्षा तिथेच संपली असती, आणि ओरडून तिला काही कळलं असतं असंही नाही. मी माझी पट्टी खाली ठेवली. दोन पावलं पुढे होऊन तिला दिसेन अशी उभी राहिले आणि गळ्याचं बटण काढलं. मग लावायला घेतलं. अगदी पूर्वीसारखं, हळू. डाव्या हातानं कापड धरायचं, सगळी बोटं पसरून, उजव्या हातानं बटण काजात घालायचं.

परीक्षकांनी गोळी चघळणं थांबवलं. पण सावलीची मान वळली. तिचे हात पट्टीसकट गळ्याकडे गेले. तिनं पट्टी ठेवून दिली. तिनं बटण काढलं, आणि लावताना डाव्या हाताची बोटं कापडावर पसरली. एक, दोन, तीन, आणि ते चौथं, पांढरं, अडखळत, कुरकुरत उघडलं. पाचही.

मी लगेच माझ्या मशीनकडे वळले, पट्टी चिमटीत धरली. आता ती माझ्याकडे बघत होती, पूर्णपणे. आणि तेव्हाच मला ते जाणवलं. कुणी जोर करत नव्हतं. नुसती एक सोय वाटत होती. हात म्हणत होता, असं निसटतंय, एक वेढा दे, बरं पडेल. घराबाहेर पडताना पाय आपोआप चपलेत जावा तसं ते बोट पट्टीच्या दिशेनं चाललं होतं. मी ते उचललं, वर ताठ धरलं, पट्टीपासून लांब. घाम डोळ्यांत गेला. शेजारी सावलीनंही ते बोट वर ताठ धरलं. आम्ही दोघींनी आपापला दांडा असा चकचकीत केला.

लेथ थांबले. परीक्षकांनी तिचा तुकडा मोजला, उजेडात धरला, पुन्हा मोजला. "काम उत्तम आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही दोघी बोट असं वर कशाला धरता? चहाचा कप आहे का तो?"

बाहेर मावशीला सांगितलं तेव्हा ती फाटकाला धरून उभी राहिली. सावली उन्हात हात धरून उभी होती. बोटात रंग परत येत होता. तिनं ते दुसऱ्या हातानं दाबून पाहिलं. "आहे," ती म्हणाली. मग तिनं माझा डावा हात धरला, उलटा केला, आणि तिचा चेहरा बदलला. मी खाली पाहिलं. मला ते दुमडल्याचं कळलंही नव्हतं.

आता सावली पंपाच्या कारखान्यात आहे. मावशी घरी बसून सगळ्या गल्लीला शिस्त लावते. मी त्या फिती पुसून टाकल्या, नव्या सरांच्या हातांच्या नव्या काढल्या, आणि माझी पोरं त्यावरून छान शिकतात. त्यांची बोटं सरळ आहेत. मी रोज जेवणाच्या वेळी जाऊन बघून येते. वर्कशॉपमध्ये गेले तर डावा हात खिशात ठेवते.

सुट्टीच्या दिवशी सावली माझ्याकडे येते. ती माझ्यापुढे उभी राहते, मी तिच्या अर्धं पाऊल मागे. ती बटण काढते, मी काढते. ती लावते, मी लावते. तेवढ्यापुरतं माझं बोट उघडतं, ऊन लागतं. ती गेली की दुसऱ्या दिवशी पुन्हा मिटतं. आम्ही दोघीही याबद्दल बोलत नाही. ती तर कशाबद्दलच फारसं बोलत नाही.

काल खोलीत पेन शोधताना माझ्या ड्रॉवरमध्ये पॉलिशपट्टी सापडली. नवीकोरी, नीट गुंडाळी केलेली. मी ती आणलेली नाही. हातानं आणली असेल.

पट्टी मी स्टोअरमध्ये देऊन आले. आज सावलीची सुट्टी आहे. कारखान्यात कधीकधी सुट्टीच्या दिवशीही तिला जादा कामाला बोलावतात, तेव्हा तिला उशीर होतो. मी गळ्याचं बटण काढून खिडकीशी बसले आहे.